चवथीच्या नेवऱ्या मोजून खायच्या का?

माशेलकर: चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की आमच्या ग्रुपवर 'एका नेवरीत (करंजीत) कॅलरी किती' सुरू होतं. माझं मत, हे मोजणं सोडा. एव्हलिन ट्रिबोली आणि एलिस रेश या अमेरिकन आहारतज्ज्ञांनी 1995 मध्ये इंट्युटिव्ह ईटिंग मांडलं: भूक लागली की खा, पोट भरलं की थांबा, कुठलाच पदार्थ वर्ज्य नको. आमची वहिनी वर्षभर शिताला, म्हणजे भाताला, हात लावत नाही. चवथीत मात्र रात्री डबा उघडून उभ्या उभ्या नेवऱ्या खाते आणि दुसऱ्या दिवशी उपास धरते. बंदी घातली की तेच डोक्यात घोळतं.

फोंडेकरीण: वाचायला छान. पण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीत प्रौढांतला मधुमेह देशात सर्वाधिक गोव्यात निघाला, 26.4 टक्के. चारातल्या एकाला 'पोटाचं ऐक' सांगणार? आमचे सासरे हुमण (माशांची आमटी) संपेपर्यंत शीत मागतात, मग शीत उरलं म्हणून परत हुमण.

माशेलकर: ती भूक नव्हेच, सवय. ती ओळखायला शिका, एवढंच म्हणणं आहे.

डिचोलकार: ओळखायची कशी? आजोबा शेतातून दहा वाजता येऊन पेज प्यायचे, ती भूक. मी पणजीत दिवसभर खुर्चीत. चारला पातळभाजी-पाव आणि वर मिरची खातो. साहेब रजेवर असला की चारला भूकच लागत नाही!

फोंडेकरीण: बघा. आणि इन्शुलिन घेणाऱ्यानं 'आज भूक नाही' म्हणून जेवण टाळलं तर? शुगर धाडकन खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो. तिथे घड्याळच बघावं लागतं.

माशेलकर: औषधाच्या वेळा पाळायच्याच, वाद नाही. त्यांच्या दहा तत्त्वांत शेवटचं पोषणाचंच आहे.

फोंडेकरीण: दहावं! आमच्या घरात ते पहिलं.

माशेलकर: पहिलं ठेवलं की पुन्हा वहिनीचा डबा. म्हणून ते शेवटी.

डिचोलकार: आग्रहाचं कोणीच बोलत नाही. पोट भरलं म्हणून ताटावर हात धरला तरी मावशी बोटांच्या फटीतून वाढते. वर 'बारीक झालास रे'. तिला कुठलं तत्त्व सांगू?

फोंडेकरीण: मधुमेह आहे म्हणून सांग. मग खीर नाही, पण तिसरा बांगडा येईल.