आईच्या ट्रंकेतली लुगडी, खण आणि चिंध्या: यांतून घरासाठी काय करता येईल?

रिकामी_ट्रंक (डोंबिवली)

सर्वांना नमस्कार. आई गेल्या वर्षी गेली आणि तिची पत्र्याची ट्रंक गावाहून माझ्याकडे आली. तिच्यात दोन सुती नऊवारी लुगडी, दोन इरकली, घड्यांवर विरलेली तिच्या लग्नातली जांभळी पैठणी, खणाचे सात-आठ तुकडे आणि तळाशी एका अभ्र्यात गच्च भरून ठेवलेल्या शिवणाच्या चिंध्या आहेत. आमचे घर दोन खोल्यांचे असल्यामुळे हे सगळे नुसते जपून ठेवायला जागा नाही, आणि बोहारणीला देऊन त्याबदल्यात एखादे पातेले घ्यायला मन धजत नाही. म्हणून यातून भिंतीवर, दारावर किंवा दिव्याभोवती लावता येतील अशा काही वस्तू दिवाळीपर्यंत हाताने कराव्यात, असा विचार आहे.

मला मशिनवर सरळ शिवण येते आणि हाताने धावदोरा घालता येतो, त्यापलीकडे फारसे काही येत नाही. एक चूक मी आधीच करून बसले आहे. पैठणीच्या पदराचा एक भाग कापून मी उशीचा अभ्रा शिवला, आणि मुले त्या उशीला टेकू लागल्यावर आठवड्याच्या आतच तो शिवणीच्या बाजूने फाटला. शिवण शाबूत आहे, पण तिच्या शेजारचे कापडच उसवल्यासारखे झाले आहे. त्यामुळे आता कात्री हातात घ्यायचीच भीती वाटते. कोणत्या कापडाचे काय करावे, आणि कोणत्या कापडाला हातच लावू नये, हे कृपया अनुभवी मंडळींनी सांगावे. नवे सामान शक्यतो विकत घ्यायचे नाही.

वाकळवाली (कोल्हापूर)

ताई, तुमची शिवण चुकलेली नाही, वस्तूची निवड चुकली. उशीच्या अभ्र्यावर रोज ताण येतो आणि विरलेल्या रेशमाला ताण अजिबात सोसत नाही. आपण बहुतेक जण आधी वस्तू ठरवतो आणि मग तिच्यासाठी कापड शोधतो. जुन्या कापडाच्या बाबतीत मात्र आधी कापडात किती जीव उरला आहे ते पाहावे आणि तेवढाच भार पडेल अशी वस्तू करावी.

जीव पाहण्याची रीत सोपी आहे. लुगडे दिवसा खिडकीच्या उजेडासमोर धरा. जिथे विणीतून उजेड जास्त झिरपतो, तिथे ते विरले आहे असे समजा. मग दोन्ही हातांच्या चिमटीत कापड धरून आधी उभे आणि नंतर आडवे हलकेच ताणा. करकर असा बारीक आवाज आला किंवा धागे सरकले, तर त्या भागाला स्वतःचा भार पेलायला लावू नका. नेसण्यातले लुगडे बहुधा बसण्याच्या जागी आणि पायाकडच्या काठाशी झिजलेले असते, तर इतर बऱ्याच भागात ते अजून धड असते. पूर्वी म्हणूनच बायका झिजलेला भाग काढून टाकत आणि उरलेल्या तुकड्यांना दंड घालून, म्हणजे ते एकमेकांना शिवून जोडून, तेच लुगडे पुन्हा नेसत.

तुमच्या सुती लुगड्यांची मी भिंतीवरची लहान वाकळ करीन, ज्याला तुमच्याकडे गोधडी म्हणतात. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड होते, त्यामुळे दोन फूट रुंद आणि तीन फूट लांब अशा वाकळेचे तीन थर एकाच लुगड्यातून निघून वर बरेच उरते. खालचा आणि मधला थर साधा ठेवा. वरच्या थरावर चिंध्या मांडा, पण त्या आधी धुवून, इस्त्री करून आणि रंगाची परीक्षा घेऊन मगच. पांढरा ओला रुमाल चिंधीवर ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. रुमालावर रंग उतरला, तर ती चिंधी या कामातून बाद. मिठाच्या पाण्यात बुडवले की रंग पक्का होतो असे आमच्याकडेही सांगत, परंतु रंगवून झालेल्या कापडाचा सुटणारा रंग मिठाने थांबत नाही.

कच्चे टाके मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला घालत जा, म्हणजे सुरकुत्या कडेला ढकलल्या जातात. पक्का धावदोरा मात्र काठापासून सुरू करून चौकोनात चौकोन असा आत आत न्यावा आणि दोन ओळींमध्ये साधारण एका बोटाचे अंतर ठेवावे. टाके सगळे एकसारखे आले नाहीत तरी चालते, पण दोरा खेचू नका. दोरा खेचला की वाकळ पापडासारखी वाकडी होते. उत्तर कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूर भागातील आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातील स्त्रियाही आपली कवंदी, म्हणजे त्यांची गोधडी, अशीच कडेकडून आत शिवत नेतात आणि तिच्या चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुले लावतात. फुलांशिवाय कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. मला ही फुले इतकी आवडली की माझ्या वाकळेलाही मी ती लावली, आणि मग सासूबाई महिनाभर ‘कोपऱ्यात चिंधी राहिली आहे’ असे सांगत राहिल्या.

टांगण्यासाठी वरच्या बाजूला मागून पूर्ण रुंदीचा नेफा शिवा आणि त्यात पडद्याचा जुना दांडा घाला. कोपऱ्यांना कड्या लावून टांगू नका, कारण तसे केल्यास सगळे वजन दोनच बिंदूंवर येते आणि मधला भाग झोळ धरतो.

इरकलीबद्दल एक सांगायचे राहिले. तिचा रेशमी पदर वेगळ्या ताण्याचा, म्हणजे मागावरच्या वेगळ्या उभ्या धाग्यांचा असतो आणि अंगाच्या ताण्याशी तो मागावरच फासे घालून जोडलेला असतो. त्या जोडावर कात्री चालवू नका, जोडापासून चार बोटे आत अंगाच्या बाजूने कापा. असा पदर दारावरच्या झालरीसाठी उत्तम, कारण त्याची ठळक तांबडी-पांढरी नक्षी लांबूनही दिसते.

जुनी_जर (येवला)

पैठणीला पुन्हा कात्री लावण्यापूर्वी तिची जर कोणती आहे ते कृपया तपासून घ्या. जुन्या पैठणीत खरी जर असण्याची शक्यता असते, आणि खरी जर म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचे पाणी दिलेली चांदीची चपटी तार. तिच्या खालोखाल टेस्टेड जर येते, तिच्यात तांब्याची तार असते. सध्या स्वस्त साड्यांत दिसणारी जर ही धातूचा मुलामा दिलेली प्लास्टिकची पट्टी असते. पदराच्या मागच्या बाजूने सुटलेला एखादा धागा चिमट्यात धरून ज्योतीवर न्या. प्लास्टिक असेल तर तो आक्रसून त्याची गोळी होते. खरी जर असेल तर आतले रेशीम जळते आणि तारेचा सापळा शिल्लक राहतो. ही परीक्षा बेसिनपाशी घ्या, पदर दूर ठेवा.

जर खरी निघाली, तर तिच्यातील चांदीसाठी अशा साड्या वजनावर विकत घेणारे लोक दारोदार फिरत असतात, आणि ते देतात ती किंमत साडीची नसून धातूची असते, हे लक्षात ठेवावे. माझे मत विचाराल तर विकू नका. काठ अजून घट्ट असतील, तर फक्त काठ सोडवून घ्या आणि त्यांना मागून सुती अस्तर लावून आरशाची किंवा देवघराची चौकट सजवा. जर घासून लखलखीत करण्याच्या मागे लागू नका. चांदी हवेने काळवंडते, आणि भांड्यांची पावडर लावली तर सोन्याचे पाणी आधी जाते.

पुठ्ठा_आणि_खळ (पुणे)

मी पुस्तकबांधणीच्या कामातून निवृत्त झालो आहे. कापड आणि पुठ्ठा यांच्याशी चाळीस वर्षे संबंध आल्यामुळे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट खणांची. खणाचे तुकडे चौकटीत बसवणे हा सर्वांत सोपा उपाय आहे, पण हल्ली लोक खण थेट पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवतात आणि वर लगेच काच दाबतात. पहिल्याच पावसाळ्यात काचेच्या आतून दमट हवा धरते, गोंद पिवळा पडतो आणि कापडावर बुरशीचे ठिपके येतात. डोंबिवलीच्या हवेत तर हे हमखास होईल. त्याऐवजी पुठ्ठ्यावर आधी जुने पांढरे सुती कापड ताणून मागे दुमडून चिकटवा आणि खण त्या कापडाला कडेने बारीक टाक्यांनी शिवा, म्हणजे मूळ खणाला गोंद लागत नाही आणि पुढेमागे तो सोडवताही येतो. काच आणि खण यांच्यामध्ये पुठ्ठ्याची पट्टी घालून सुताभराचे अंतर ठेवा. पुठ्ठा विकत घेऊ नका. कॅलेंडरच्या मागचा किंवा जुन्या वह्यांचा पुठ्ठा दोन थर चिकटवून पुरेसा कडक होतो.

दुसरी गोष्ट खळीची. एक वाटी मैदा पाच ते सहा वाट्या गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवावा आणि मंद आचेवर सतत ढवळत राहावे. मिश्रण पांढऱ्याचे किंचित पारदर्शक झाले आणि पळीवरून सलग पडू लागले की उतरवावे. कसर लागू नये म्हणून आम्ही तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत असू, परंतु ते विष आहे आणि त्याची निळसर छटा फिक्या कापडावर उठते, म्हणून मुले असलेल्या घरात ते टाळावे आणि खळ लागेल तेवढीच करून दोन दिवसांत संपवावी. या खळीने कापड कागदावर चिकटवले की आकाशकंदिलाचे पाखे उत्तम होतात. बांबूच्या कामट्यांचा मागच्या वर्षीचा सांगाडा माळ्यावर असेलच, त्याचा फाटका जिलेटिन कागद काढून तिथे विरलेल्या साडीचे तुकडे लावा. विरलेले कापड इथे दोष ठरत नाही, उलट विणीतून उजेड झिरपतो म्हणूनच ते शोभते. आत दिवा मात्र एलईडीचाच हवा. तारेच्या जुन्या बल्बची उष्णता कागद आणि कापड दोन्ही करपवते.

लगदा (रत्नागिरी)

चिंध्यांबरोबर घरात रद्दीही असेलच, म्हणून आमच्या आजीची कृती देते. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे दोन दिवस पाण्यात भिजवायचे, पिळून कुटायचे आणि त्यात रात्रभर भिजवून वाटलेली मेथी मिसळायची. मेथीचा चिकटपणा लगदा धरून ठेवतो आणि तिच्या कडूपणामुळे कीड लागत नाही, असे आजी म्हणे. पातेले पालथे घालून त्यावर ओले फडके पसरावे, वर करंगळीएवढ्या जाडीचा लगदा थापावा आणि सावलीत सुकू द्यावा. उन्हात ठेवलेली माझी पहिली टोपली तडकली होती. सुकल्यावर आतून-बाहेरून चिंध्या खळीने चिकटवल्या की दारातल्या किल्ल्या-चिठ्ठ्यांसाठी टोपली तयार होते. पाण्याजवळ ती ठेवू नये, एवढेच पथ्य.

रिकामी_ट्रंक (डोंबिवली)

सर्वांचे मनापासून आभार. दीड महिन्यानंतर लिहीत आहे. पैठणीचा धागा जाळून पाहिला आणि तारेचा सापळा तसाच राहिला, त्यामुळे यजमानांनी आधी सोन्याचा भाव पाहिला आणि मग माझ्याकडे पाहून मोबाइल खाली ठेवला. काठ सोडवून देवघराच्या चौकटीला लावले आहेत. आकाशकंदील काकांनी सांगितल्याप्रमाणे केला. दिवसा तो अगदी मळकट दिसतो आणि मुलगा त्याला ‘पोतेरे’ म्हणत होता, पण दिवा लावल्यावर पदरातल्या पोपटाची सावली समोरच्या भिंतीवर पडली, तेव्हा तो स्वतःच शेजाऱ्यांना बोलावून घेऊन आला. टोपली दोनदा फसली. लगदा मी पुरेसा पिळला नव्हता.

वाकळ अर्धी झाली आहे आणि तिच्याबद्दलच एक शंका आहे. चिंध्यांमध्ये आईने माझ्या शाळेच्या निळ्या स्कर्टचा तुकडा ठेवलेला सापडला. तो टेरिकॉटचा असून अजून नव्यासारखा कडक आहे. तो सुती लुगड्याच्या थरावर लावला तर चालेल का?

वाकळवाली (कोल्हापूर)

चालेल, पण तो मोठ्या तुकड्यात लावू नका. टेरिकॉट धुण्याने आटत नाही आणि सुती कापड थोडे आटते, त्यामुळे मोठा तुकडा कालांतराने फुगून वर येतो. दोन-तीन बोटांएवढे तुकडे करून त्यांच्या कडा आत दुमडा आणि इस्त्री फार गरम करू नका. किंवा त्यापेक्षा असे करा, चार चौकोनी तुकडे काढा आणि त्यांची कोपऱ्यांतली फुले करा. तिथे त्यांना आटायचेही नसते आणि फुगायचेही नसते.