ॲक्युपंक्चर ‘मूळचे आपलेच’ म्हणण्याआधी थडग्यांत काय सापडले ते पाहावे

गोदातीर

वैद्य निर्गुंडी यांनी परवा येथे लिहिले की ॲक्युपंक्चर म्हणजे सुश्रुताचा सूचीवेध होय, आपली मर्मे बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला गेली, तेथे त्यांना चिनी नावे मिळाली आणि आज आपण आपलीच विद्या पैसे मोजून परत शिकत आहोत. त्या लेखाखाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग लागली. एकानेही आधार विचारला नाही, म्हणून हे सविस्तर लिहावे लागत आहे.

पहिली गोष्ट मर्मांची. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १०७ मर्मे सांगितली आहेत आणि त्यांतील १९ सद्यःप्राणहर आहेत, म्हणजे तेथे घाव बसला तर माणूस लगेच दगावतो. शस्त्र चालवताना जी जागा वाचवायची, ती मर्म. जेथे सुई टोचायची ती जागा आणि जेथे शस्त्र लागू द्यायचे नाही ती जागा एकच कशी ठरवता येईल?

दुसरी गोष्ट काळाची. चीनच्या हुनान प्रांतात चांगशा शहराजवळ मावांगत्वे येथे १९७३ साली एक थडगे उघडले गेले. ते इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेले होते आणि त्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकग्रंथ होते. त्यांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, पण सुईचा उपचार नाही आणि टोचण्याचे बिंदूही नाहीत. ज्या वाहिनीत बिघाड असेल तिच्यावर चटका द्यावा, असा मुख्य उपाय आहे. हेबेइ प्रांतातील मानचेंग येथे ल्यू शेंग या राजपुत्राचे थडगे आहे, इ.स.पू. ११३ मधले. त्यात सोन्याच्या ४ आणि चांदीच्या ५ सुया मिळाल्या. चीनमध्ये बौद्ध धर्माच्या खात्रीलायक खुणा इ.स. पहिल्या शतकापासून दिसतात. भिक्षू पोहोचण्याआधीच वाहिन्या लिहून झाल्या होत्या आणि ते ग्रंथ जमिनीखाली गेलेही होते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘हुआंगती नेइचिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाच्या ‘लिंगशू’ या भागाची सुरुवातच अशी आहे की सम्राट आपल्या छी पो या वैद्याला सांगतो, मी प्रजेकडून कर घेतो, त्यांची ओढाताण पाहून आणि त्यांना आजारी पाहून मला दुःख होते, त्यांना जहाल औषधे नकोत, दगडी पाती नकोत, बारीक सुयांनी त्यांच्या वाहिन्या मोकळ्या व्हाव्यात. पुढे त्याच ग्रंथात बारा वाहिन्यांची बारा जलप्रवाहांशी जोडी लावली आहे. फुप्फुसाची वाहिनी पीत नदीशी, मोठ्या आतड्याची यांगत्से नदीशी. हातापायांच्या टोकांकडून वर जाताना बिंदूंना विहीर, झरा, प्रवाह, नदी आणि समुद्र अशा अर्थाची नावे आहेत, कारण ‘ची’, म्हणजे वाहिन्यांतून वाहणारी प्राणशक्ती, बोटांपाशी उगम पावते आणि कोपर-गुडघ्यांपर्यंत खोल होत जाते, अशी कल्पना आहे. कालवे खणणारे, पुराशी झुंजणारे आणि कर गोळा करणारे राज्य ज्यांनी पाहिले, त्यांनी शरीराकडेही तसेच पाहिले. हा विचार त्या भूमीतला आहे, तो तिच्यापासून तोडून आपल्या नावावर चढवणे मला योग्य वाटत नाही.

वैद्य निर्गुंडी

आपण अभ्यास केला आहे हे दिसते, परंतु आपला सूर एखाद्या चोराला पकडल्यासारखा आहे आणि तो मला खुपला. मी तीस वर्षे रुग्ण पाहत आहे, कोणाची विद्या पळवण्याची मला गरज नाही.

आता मुद्द्यांकडे येतो. मर्मे वर्ज्य आणि बिंदू वेध्य असा जो काटेकोर भेद आपण केला तो टिकत नाही, कारण नेइचिंगच्या ‘सूवेन’ या भागात कोठे टोचल्यास काय होते हे सांगणारा स्वतंत्र अध्याय आहे. हृदयाला सुई लागली तर एका दिवसात मृत्यू, फुप्फुसाला लागली तर तीन दिवसांत, यकृताला लागली तर पाच दिवसांत, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. सद्यःप्राणहर आणि कालान्तरप्राणहर, म्हणजे काही काळाने प्राण घेणारी, या आपल्या वर्गीकरणाशी हे किती जवळचे आहे, ते आपणच पाहावे.

मोजण्याची रीतही तीच. चिनी वैद्य अंतर ‘त्सुन’मध्ये मोजतो आणि तो त्सुन रुग्णाच्याच अंगठ्याच्या रुंदीचा असतो. आपल्याकडे स्वांगुल प्रमाण, म्हणजे रुग्णाच्याच बोटांचे माप, आहे. सुश्रुताने गृध्रसीसाठी, म्हणजे कंबरेपासून पायात उतरणाऱ्या कळेसाठी (सायटिका), सिरावेध म्हणजे शिर फोडणे सांगितले ते गुडघ्याच्या सांध्याच्या चार अंगुळे वर किंवा खाली. ॲक्युपंक्चरमधील सर्वांत प्रसिद्ध बिंदू त्सू-सान-ली हाही गुडघ्याखाली तीन त्सुन, म्हणजे रुग्णाची चार बोटे आडवी ठेवली की जेथे येते तेथेच आहे आणि पाय दुखत असताना तो हमखास वापरतात. माझे गुरुजी रुग्णाला खाटेवर बसवत, त्याचीच चार बोटे त्याच्या नडगीवर ठेवत आणि मग शिर पाहत. ते दृश्य मी विसरू शकत नाही. याला केवळ योगायोग म्हणायचे असेल तर आपण म्हणावे.

अबोली

मूळ कोणाचे याने रुग्णाला काय फरक पडतो, हे मला कळत नाही. माझ्या आईचे दोन्ही गुडघे धरले होते, जिना उतरताना ती एक एक पायरी बसून उतरत असे. बारा वेळा सुया लावल्यानंतर ती उभी राहून उतरू लागली. सुई लागताच दुखते का, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, टोचल्यासारखे वाटत नाही, आत भरून आल्यासारखे, जड झाल्यासारखे वाटते आणि ते पावलापर्यंत जाते. ही वाहिनी नसेल तर ते पावलापर्यंत कसे गेले?

स्नायूबंध

आपल्या आईला बरे वाटले याचा मला आनंद आहे, पण शेवटच्या वाक्याला उत्तर दिले पाहिजे. मी भौतिकोपचारतज्ज्ञ आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला त्या जागी खोलवर चेता (मज्जातंतू) जाते आणि ती पावलापर्यंत पोहोचते. जडपणा आणि झिणझिण्या खाली उतरतात त्याला तेवढे कारण पुरेसे आहे, त्यासाठी ‘ची’ मानावी लागत नाही.

जर्मनीतील कंबरदुखीच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात १,१६२ रुग्ण होते. सहा महिन्यांनी ग्रंथोक्त बिंदूंवर सुया लावलेल्यांपैकी ४७.६ टक्के रुग्णांना उतार होता, आणि बिंदू टाळून भलत्याच जागी उथळ सुया लावलेल्यांपैकी ४४.२ टक्के रुग्णांना. औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हेच प्रमाण २७.४ टक्के होते. सुई कोठेही लावली तरी जवळपास तेवढाच गुण येत असेल, तर बारा वाहिन्या, बारा नद्या आणि चार बोटांचे माप, सुश्रुताचे असो वा चीनचे, कशासाठी शिकायचे? आपण सारे येथे ज्या नकाशाच्या मालकीसाठी भांडत आहात, त्या नकाशावर गावच नाही.

अबोली

म्हणजे माझी आई खोटे बोलते, असे आपले म्हणणे आहे का? एका तज्ज्ञांनीच आम्हाला शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नाही म्हणून सांगितले होते, तारीखही ठरवली होती. ती शस्त्रक्रिया टळली. त्या वेळी कोणी टक्केवारी घेऊन आमच्या दारात आले नव्हते.

स्नायूबंध

खोटे बोलते असे मी कोठेही लिहिलेले नाही, कृपया माझ्या तोंडी ते घालू नये. उतार खरा असतो, त्याचे सांगितलेले कारण खरे असेलच असे नाही. माझ्याकडे एक तरुण रुग्ण आला होता. एका केंद्रात त्याच्या खांद्याच्या मागे सुई खोल गेली होती आणि फुप्फुसाभोवती हवा शिरली होती. धाप लागत असताना त्याला ‘ची मोकळी होत आहे’ असे सांगून घरी पाठवले होते. सूवेन ग्रंथाला दोन हजार वर्षांपूर्वी जो धोका माहीत होता, तो त्या केंद्रातील माणसाला माहीत नव्हता. माझा राग आपल्या आईवर नाही, तो या निष्काळजीपणावर आहे.

गोदातीर

चर्चा मूळ प्रश्नापासून दूर जात असली तरी या आकड्यांबद्दल लिहिणे भाग आहे, कारण त्यांचा अर्धाच भाग पुढे आला. खऱ्या आणि खोट्या जागांमध्ये फारसा फरक नाही हे मान्य. पण दोन्ही गट नेहमीच्या उपचारांपेक्षा पुष्कळ पुढे होते, हे आकडे आपणच दिले आहेत. ग्रंथोक्त जागेच्या अचूकतेला त्या चाचणीने धक्का दिला, सुईलाच बाद ठरवले नाही.

वैद्यांच्या गृध्रसीच्या मुद्द्याने मात्र मला थांबून विचार करायला लावले. मी शारीरस्थानाचा आठवा अध्याय पुन्हा काढून वाचला. गुडघ्याच्या वर किंवा खाली चार अंगुळे, हे आपण म्हणता तसेच आहे. परंतु तेथे शिर फोडून रक्त काढायचे आहे आणि त्यासाठीची शस्त्रे व्रीहिमुख आणि कुठारिका आहेत. व्रीहिमुख म्हणजे भाताच्या दाण्यासारखे टोक असलेले शस्त्र, कुठारिका म्हणजे छोटी कुऱ्हाड. वाहिनीतील प्रवाह जुळवण्यासाठी बारीक सुई आत ठेवून थांबणे हा वेगळा विचार आहे. शरीर हेच मोजपट्टी करणे तर आपल्या आजीलाही येत होते, ती पाणी पेराने आणि कापड हाताने मोजत असे. दोन देशांत चार बोटे सापडली म्हणून एकाने दुसऱ्याची बोटे घेतली, असे होत नाही.

वैद्य निर्गुंडी

रक्त काढण्याचा भेद आपण फार सोपा करून टाकला. लिंगशूमध्ये नऊ प्रकारच्या सुया सांगितल्या आहेत. त्यांतील एक तलवारीच्या पात्यासारखी असून पू काढण्यासाठी आहे, तर एक तीन धारांची. रक्त काढण्याचा उपदेश नेइचिंगमध्ये जागोजागी आहे. आज दवाखान्यात दिसणाऱ्या केसासारख्या सुईचे साधर्म्य त्या नवांपैकी एखाददुसरीशीच आहे. तुमच्या ‘वेगळ्या विचारा’चे मूळही शस्त्रकर्मातच आहे, हे मान्य करा.

पूर्ववारा

मी नोकरीनिमित्त सहा वर्षे चीनमधील छंगतू शहरात राहतो, म्हणून दोघांनाही थोडे अडवतो.

गोदातीर यांनी मावांगत्वेच्या पुराव्यावरून बिंदू नंतरचे असे सुचवले, ते अपुरे आहे. येथील लाओक्वानशान टेकडीवर २०१२-१३ मध्ये पश्चिम हान राजवटीच्या, म्हणजे मावांगत्वेच्याच काळातील थडगी उघडली गेली आणि त्यांत लाखेचा लेप दिलेली लाकडी मानवाकृती मिळाली. मी ती शहराच्या संग्रहालयात काचेमागे पाहिली आहे. वीतभरही उंची नाही. काळ्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत लाल आणि पांढऱ्या रेषा आहेत आणि रेषांवर बारीक ठिपके आहेत. मावांगत्वेत वाहिन्या आहेत आणि बिंदू नाहीत, पण या बाहुलीवर दोन्ही आहेत. एका थडग्यात जे नाही ते त्या काळी कोठेच नव्हते, असे म्हणता येत नाही.

वैद्य निर्गुंडी यांनाही एक सांगावेसे वाटते. रक्त काढणे, पू काढणे आणि चटका देणे हे जुन्या चिनी उपचारात होते, हे खरे आहे. पण आजचे ॲक्युपंक्चर जसेच्या तसे तेथून आलेले नाही. १८२२ मध्ये चिनी दरबाराने राजवैद्यकशाळेतून सुई आणि चटका हे उपचार बंद केले. १९२९ मध्ये जुने वैद्यकच मोडीत काढण्याचा ठराव आला आणि त्याविरुद्ध वैद्य एकवटले. त्यानंतर छंग तान-आन या वैद्यांनी नव्या शरीररचनाशास्त्राशी मेळ घालून बिंदूंची नव्याने मांडणी केली आणि रक्तवाहिन्यांवर पडणाऱ्या जागा बाजूला सरकवल्या. नंतर माओच्या राजवटीत त्याला सरकारी छत्र मिळाले. आपण दोघे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ज्या सुईबद्दल बोलत आहात, ती आजच्या दवाखान्यातली नाही.

गोदातीर

बाहुलीबद्दल आपले म्हणणे मी स्वीकारतो. ‘बिंदूही नाहीत’ हे मावांगत्वेपुरते खरे आहे, त्यापलीकडे मी जाऊ नये, हे मान्य. नऊ सुयांबद्दल वैद्यांचेही बरोबर आहे, रक्त काढण्याचा भाग माझ्या पहिल्या लेखनात यायला हवा होता आणि तो आला नाही. पण यातून भारताकडून चीनकडे काही गेले, हे अजूनही सिद्ध होत नाही.

ताणाबाणा

मी सोलापूरचा आहे आणि वडील हातमागावर होते, म्हणून एका शब्दाबद्दल लिहितो. ज्याला आपण वाहिनी म्हणत आहात त्या ‘चिंग-लुओ’ शब्दातील ‘चिंग’चा मूळ अर्थ मागावरचा ताणा, म्हणजे आधी ताणून बांधलेले उभे सूत, आणि ‘लुओ’ म्हणजे त्यांना जोडणारे जाळे. एक सूत तुटले की कापडात दूरवर ओढ पडते, हे मागावर बसलेल्याला सांगावे लागत नाही. बोटात टोचून खांद्याला उतार कसा पडावा, यामागची त्यांची कल्पना मला त्या शब्दामुळे समजली. स्नायूबंध यांना ती खरी वाटत नसेल, पण ती काय आहे हे तरी आधी समजून घ्यावे.

दुसरे असे की आमच्या गावच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांनी चीनकडून ॲक्युपंक्चर आणले, असे त्या मूळ लेखाखाली कोणीतरी लिहिले आहे. कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर गेले, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. ते परत आलेच नाहीत. त्यांच्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ही विद्या शिकून घेतली आणि ती कोलकात्यात रुजवली. कोटणीसांचे मोठेपण त्यांनी केलेल्या कामात आहे, न केलेले काम त्यांच्या नावावर घालण्याची गरज नाही.

स्नायूबंध

ताण्याचा अर्थ मला माहीत नव्हता. कल्पना समजली, शरीरात तसे सूत आहे हे मात्र अजून कोणी दाखवलेले नाही, एवढे नोंदवून मी थांबतो. अबोली, आईंच्या गुडघ्यांना उतार पडला असताना मांडीच्या स्नायूंचे व्यायाम चालू ठेवावेत, ही विनंती मी मनापासून करतो.

अबोली

व्यायाम चालू आहेत. ते सुया लावणाऱ्या बाईंनीच सांगितले होते.

वैद्य निर्गुंडी

भिक्षूंबद्दलचे वाक्य मी माझ्या लेखातून काढत आहे, कारण इ.स.पू. १६८ च्या पुढे माझ्याकडे उत्तर नाही. सूचीवेध हा शब्दही मी त्या अर्थाने वापरायला नको होता, कारण सुश्रुताची सूची मुख्यतः शिवण्यासाठी आहे. हे लिहिताना मला आनंद होत नाही. परंतु गृध्रसी आणि गुडघ्याखालची चार बोटे हा परिच्छेद मी काढणार नाही. दोन्हीकडच्या वैद्यांचा हात एकाच दुखण्यासाठी एकाच जागी गेला, एवढे तरी मला म्हणू द्यावे.

गोदातीर

तो परिच्छेद अवश्य ठेवावा. त्यात शिर फोडून रक्त काढायचे आहे हे आणि गुडघ्याच्या वरची जागाही सांगितलेली आहे हे, दोन्ही पूर्ण लिहावे. मग माझी हरकत नाही.