आजार लपवणाऱ्याला दंड लावावा का?

चौथा मजला

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस घरं आहेत आणि मी समितीवर आहे. पुन्हा कोविडसारखी साथ आली तर कसं वागायचं याचे नियम लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बाकी सगळं मार्गी लागलं, वाद एकाच कलमावर आहे. आजार लपवला तर दंड लावायचा की नाही?

मी दंडाच्या बाजूने आहे. का ते सांगते. २०२१ मध्ये तळमजल्यावरच्या एका घरात रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. त्यांनी स्वतःहून इमारतीच्या ग्रुपवर कळवलं. तासाभरात कुणीतरी त्यांच्या दाराचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यांचा कचरा उचलणं बंद झालं. त्यांची मुलगी जिन्यात दिसली की लोक दारं लावून घ्यायचे. तीनेक आठवड्यांनी माझ्या शेजारच्या काकांना ताप आला आणि त्यांनी पाच दिवस कुणाला पत्ता लागू दिला नाही. लिफ्टने खाली-वर चालूच. भिंतीपलीकडून खोकला मला ऐकू यायचा. त्याच आठवड्यात माझी आई आजारी पडली. लागण त्यांच्याकडूनच झाली हे सिद्ध करता येणार नाही, मला कळतं. आई वाचली, पण अजूनही जिना चढताना मधे थांबते. ती थांबली की माझा राग पुन्हा वर येतो.

तुमचा अनुभव काय? लोक कशाने सहकार्य करतात?

अडीचकी

दंड लावाच. गणित सांगतो. सुरुवातीच्या कोविडमध्ये एक रुग्ण सरासरी दोन-तीन जणांना लागण देत होता. अडीच धरा, आणि एका फेरीला पाच दिवस. महिन्यात सहा फेऱ्या होतात आणि सहाव्या फेरीत एकापासून २४४ नवे रुग्ण तयार होतात. सगळ्यांनी गाठीभेटी निम्म्यावर आणल्या तर अडीचचे सव्वा होतात, आणि सहाव्या फेरीत चारसुद्धा भरत नाहीत. तुमच्या काकांचे पाच दिवस म्हणजे अख्खी एक फेरी.

१९१८ च्या फ्लूत हेच दिसलं. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात आजार शहरात आलेला असताना २८ सप्टेंबरला मिरवणूक काढली, दोन लाख माणसं रस्त्यावर आली. तिथल्याच सेंट लुइस शहराने ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच शाळा, थिएटरं, चर्च बंद केली. सगळ्यात वाईट आठवड्यात लाखामागे जादा मृत्यू फिलाडेल्फियात २५७ आणि सेंट लुइसमध्ये ३१. उशीर करणाऱ्याला किंमत मोजायला लावली पाहिजे.

खडूफळा

ताई, आधी तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दंडाचं कलम काढा, असं मी अगदी कळकळीने सांगेन.

मी शिक्षिका आहे. साथीत आम्हाला संपर्क शोधायच्या कामावर घेतलं होतं. सकाळी पॉझिटिव्ह आलेल्यांची यादी यायची. प्रत्येकाला फोन करून विचारायचं, लक्षणं सुरू व्हायच्या दोन दिवस आधीपासून कोणाकोणाला भेटलात? हे दोन दिवस महत्त्वाचे, कारण ताप येण्याआधीच माणूस लागण देत असतो. काकांनी पहिल्या कणकणीला सांगितलं असतं तरी आधीचे दोन दिवस हातातून गेलेलेच होते. ते दिवस पकडायचा मार्ग एकच, त्यांनी आपणहून नावं सांगणं. दंडाने माणूस घरात कोंडून ठेवता येतो, पण त्याच्या तोंडून नावं काढता येत नाहीत.

एक फोन मला अजून आठवतो. शिवणकाम करणारे गृहस्थ होते. म्हणाले, "मी घरीच असतो, कुणाला भेटलो नाही." मागे मशिनी चालू होत्या. एक नाही, तीन-चार. एक थांबायची, दुसरी सुरू व्हायची. मी आवाजाबद्दल काही बोलले नाही. विचारलं, "तुमच्याकडे किती जणांचं पोट चालतं?" बराच वेळ नुसता मशिनींचा आवाज. मग म्हणाले, "सहा." मग घाईघाईने, "कारखान्याला कुलूप लावाल का?" मी खरं ते सांगितलं. कुलूप लावायचा अधिकार मला नाही, तुमचं नाव मी त्या सहा जणांना सांगणार नाही, मला फक्त त्यांना तपासणी करून घ्यायला सांगायचंय. त्यांनी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून चार नावं दिली. त्यातल्या एकाच्या घरी म्हातारी आई होती. तिला त्याच दिवशी दुसऱ्या खोलीत हलवलं.

उरलेली दोन नावं त्यांनी शेवटपर्यंत दिली नाहीत. मीही रेटलं नाही. ते बरोबर केलं की चूक, हा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही.

आम्हाला पहिल्या आठवड्यात प्रश्नांचा छापील कागद दिला होता. पहिलाच प्रश्न, "आपण नियम पाळले का?" त्यावर सगळे हो म्हणायचे आणि तिथून पुढे खोटंच बोलावं लागायचं. मी तो प्रश्न शेवटी नेला. सुरुवात "आज जेवण गेलं का?" अशी करायला लागले. फोन लांबायचे, पण नावं यायची.

अडीचकी, तुमचं गणित खरं आहे, पण ते वेळेवर कळण्यावर चालतं. आणि तुम्ही दिलेली उदाहरणं दार बंद करण्याची आहेत, माणूस बोलता करण्याची नाहीत. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियात ऑगस्ट २०१४ मध्ये इबोला रोखायला राजधानी मोनरोव्हियातली वेस्ट पॉइंट ही अख्खी वस्ती पोलीस आणि सैन्य लावून वेढली. लोक चिडले, दंगल झाली, गोळीबारात एक मुलगा गेला. दहाएक दिवसांत वेढा उठवावा लागला. पुढे वस्तीतलीच माणसं घरोघर जाऊन आजारी कोण ते विचारू लागली, दफनाच्या वेळी घरच्यांना लांबून का होईना उभं राहू दिलं, तेव्हा लपवालपवी कमी झाली.

ताई, तुमच्याच मजकुरात उत्तर आहे. तळमजल्यावरच्यांनी खरं सांगितलं आणि त्याची शिक्षा भोगली. काकांनी ते तीन आठवडे पाहिलं होतं.

पहाटपाळी

मी घरोघर सामान पोचवायचं काम करतो. कामावर गेलो तर त्या दिवसाचे पैसे. मला ताप आला होता तेव्हा मी गोळी घेऊन दोन दिवस गेलो. हे इथे लिहितानाही लाज वाटते. मास्क काढला नाही, सामान दाराबाहेर ठेवायचो, पण गेलो. नियम माहीत होता, पटलाही होता. चौदा दिवस घरात कसे काढायचे ते मात्र कुणी सांगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बाईंनी दाराशी डबा ठेवला आणि म्हणाल्या, "बरा होईपर्यंत रोज ठेवीन." त्या दिवसापासून मी घरी थांबलो. नियमात दंड लिहिण्याआधी डब्याचं लिहा एवढंच म्हणणं.

जुनेपुराणे

पहाटपाळी, लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही. इंग्लंडमधलं ईम गाव १६६६ मध्ये प्लेग बाहेर जाऊ नये म्हणून स्वतःहून बंद राहिलं. धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन यांनी गावकऱ्यांना तयार केलं. त्यागाची गोष्ट म्हणून ती सांगतात, आणि त्याग होताच, अडीचशेहून जास्त माणसं गेली. पण डेव्हनशायरच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, गावाला अन्न पुरवलं, ते मागे पडतं. शेजारच्या गावांतले लोक हद्दीवर सामान ठेवायचे. दगडातल्या खळग्यांत व्हिनेगर ओतून त्यात गावकरी पैसे ठेवत. बाहेरून अन्न आलं नसतं तर ते गाव किती दिवस थांबलं असतं?

अडीचकी

डब्याचं पटलं. तरीही मुद्दाम गर्दी जमवणाऱ्याचं काय? त्याला दंड हवाच, यावर मी ठाम आहे.

खडूफळा

गर्दी जमवणाऱ्याला हरकत नाही. ते उघड वागणं आहे, ते दिसतं. मी लपवलेल्या तापाबद्दल बोलतेय.

चौथा मजला

सगळ्यांचे आभार. खडूफळा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून मी दोन दिवस काही लिहिलं नाही. काकांवरचा राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. पण दंडाचं कलम काढलंय.

आता मसुद्यात असं आहे: ताप आला की दोघांपैकी एकीला फोन करायचा, मी किंवा दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई. नाव आमच्या दोघींकडेच राहील. इमारतीला फक्त कोणत्या जिन्यात काळजी घ्यायची आणि कोणी तपासणी करून घ्यायची तेवढं कळेल. औषधं, किराणा, डबा आणि कचरा यांची पाळी आधीच लावून ठेवायची, साथ आल्यावर नाही. लिफ्टमध्ये एका वेळी एकच घर, जिन्याच्या खिडक्या उघड्या. ज्याचा रोजगार बुडेल त्याला त्या महिन्याचा देखभाल खर्च माफ.

दंड एकच ठेवलाय, आजारी घराचं नाव किंवा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्याला. बैठकीत यावर सगळ्यात जास्त आरडाओरडा झाला. २०२१ मधला तो फोटो ज्यांनी टाकला होता ते आज समितीवर आहेत. त्यांच्याशी बोलायला उद्या संध्याकाळी जातेय. तळमजल्यावरच्या ताईंनाही विचारलंय, त्या येते म्हणाल्या.