वजनाच्या बातम्या: दोष, मूर्खपणा की आजार?

रानमेवा: मार्च २०२५ आठवतोय? चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना काँग्रेसच्या शमा मोहम्मद यांनी रोहित शर्माला खेळाडूच्या मानाने जाडा म्हटलं. पोस्ट काढून टाकली, पण रोहितच्या पोटावर चर्चा रंगतच राहिल्या. (९ तारखेला फायनलला ७६ काढून तो सामनावीर झाला, मग पोटाचा विषय संपला!) त्याच सुमारास केरळात कन्नूर जिल्ह्यातली १८ वर्षांची मुलगी वारली. डॉक्टर अ‍ॅनोरेक्सियाबद्दल, म्हणजे वजन वाढेल या धास्तीने खाणंच सोडण्याच्या मानसिक आजाराबद्दल बोलत होते, मथळे मात्र 'यूट्यूब पाहून डाएट' असे. महिना संपायच्या आत माउंजारो हे वजन उतरवणारं इंजेक्शन भारतात आलं. लगेच किंमत, डोस, किती किलो उतरतात, सगळं छापून आलं.

म्हणजे जाड माणूस आळशी, न खाणारी मुलगी मूर्ख. आणि इंजेक्शन बाजारात आलं की लठ्ठपणा एकदम आजार!

जुना_उपसंपादक: साफ असहमत. डॉक्टरांचं म्हणणं त्याच बातम्यांत होतं, वाचक मथळ्याखाली उतरत नाहीत त्याला डेस्क काय करणार? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (२०१९-२१) सांगतं, देशात २४ टक्के बायका आणि जवळपास २३ टक्के पुरुष अतिवजन किंवा लठ्ठ. कुणाला लागेल म्हणून हे गुळमुळीत लिहायचं? २०१७ मध्ये शोभा डे यांनी मध्य प्रदेशातल्या एका पोलीस निरीक्षकाचा फोटो टाकून टिंगल केली. माध्यमांनी गाजवलं म्हणूनच त्या गृहस्थांवर मुंबईत शस्त्रक्रिया झाली.

रानमेवा: टिंगलीचा गाजावाजा झाला की उपचार मिळतात, ही योजना छान आहे. आकडे छापा हो, पण सोबत फोटो कसला? रस्त्यावरचा पाठमोरा माणूस, मानेपासून छाटलेला. त्याला विचारलं होतं कुणी?

त्याच २०१७ ची इमान अहमद आठवा. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाहून मुंबईला आणली, क्रेन, पलंग, 'जगातली सर्वांत वजनदार स्त्री'. मग आज किती किलो उतरले, याचा धावफलक. पुढे तिची बहीण आणि मुंबईचे डॉक्टर यांच्यात वाजलं, तेही माध्यमांसमोर. पक्षाघातामुळे तिला स्वतःला धड बोलता येत नव्हतं, त्यामुळे बाकी सगळे बोलले. सप्टेंबरात ती अबूधाबीत वारली.

माधवी_ठाणे: माझ्या भाचीला अ‍ॅनोरेक्सिया होता. कोणती नटी किती किलोवर आली, दिवसाला किती कॅलरी खाते, हे ती बातम्यांतून वहीत उतरवायची. आम्हाला वाटलं, मुलगी तब्येतीची काळजी घेते! ब्रिटनमधली 'बीट' ही संस्था पत्रकारांना सांगते की या आजाराच्या बातमीत वजन, कॅलरी आणि हाडं दिसणारे फोटो देऊ नका. आपल्या प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये आत्महत्येच्या बातम्यांसाठी नियम स्वीकारलेच की. मग इथे का नको?

जुना_उपसंपादक: ताई, भाचीबद्दल वाईट वाटलं. पण आकडे काढून आरोग्याची बातमी होत नाही. जगात ३० बीएमआयला (उंचीच्या मानाने वजन मोजणारा आकडा) लठ्ठ म्हणतात, आपल्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी ती रेघ २५ वर आणली, कारण आपल्याला मधुमेह कमी वजनावरच गाठतो. हे छापलं नाही तर २६ वाल्याला कळणार कसं?

माधवी_ठाणे: बीएमआयची रेघ छापा, त्याला माझी ना नाही. 'तीन महिन्यांत अमुकने इतके उतरवले, दिवसाला एवढंच खाल्लं' याला आहे. तुम्ही दोन्ही एकाच पिशवीत घालताय.

काकडीची_कोशिंबीर: तुम्ही सगळेच एक धरून चाललाय, की जाडे वेगळे आणि खाण्याचा आजार असलेले वेगळे. भराभरा, पोट दुखेपर्यंत खाण्याचाही विकार असतो, आणि जाड मुलीचंही जेवण सुटतं. बारीक मुलीने ताट सारलं तर आई घाबरते, माझ्यासारखीने सारलं तर शेजारपाजारचे विचारतात, कोणतं डाएट गं? बातम्यांतही आजाराला फोटो बरगड्यांचाच. माझ्या मापाची रुग्ण तिथे कधी दिसली नाही.

रानमेवा: हे माझ्या धाग्यात राहिलंच होतं.

जुना_उपसंपादक: कोशिंबीर, मुद्दा पटला. रानमेवांना मात्र विचारतो, कन्नूरला मथळा काय दिला असता? 'अ‍ॅनोरेक्सियाने मृत्यू' किती जणांनी उघडला असता?

माधवी_ठाणे: आम्ही उघडला असता.

जुना_उपसंपादक: निदान झाल्यावर. त्याआधी तुमच्या घरात तो आजार माहीत होता का? यूट्यूबचं नाव मथळ्यात असतं ते म्हणूनच.