पॉइन्सेटिया नाताळापर्यंत पुन्हा लाल व्हावा, यासाठी आत्तापासून काय करावे?

प्रश्न : शिक्षिका, दारव्हा तालुका (५ ऑक्टोबर)

नमस्कार. आमच्या गावात ख्रिस्ती कुटुंबे मोजकीच आहेत आणि आमचे प्रार्थनामंदिर म्हणजे टिनाच्या छपराची एक लांबट खोली. गेल्या नाताळात तेथे ठेवण्यासाठी मी यवतमाळहून पॉइन्सेटियाच्या दोन कुंड्या आणल्या. दोन्ही कुंड्यांना दुकानदाराने सोनेरी चकचकीत कागद गुंडाळून दिला होता आणि तो इतका शोभत होता की काढावासा वाटला नाही. दोन्ही झाडांना मी रोज सकाळी सारखेच तांब्याभर पाणी घालत असे. तरीही एकाची पाने जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पिवळी पडून गळाली आणि पुढे खोडही बुडाशी मऊ पडले. दुसरे झाड मात्र तगले. दोघांत फरक म्हणाल तर एवढाच, की दुसऱ्या कुंडीचा कागद माझ्या मुलाने चांदणी कापण्यासाठी आधीच पळवला होता.

ते झाड आज कमरेएवढे झाले आहे, पण शेंड्यापासून बुडापर्यंत हिरवे आहे. कुंडी ओसरीवर असते आणि ओसरीचा दिवा रात्री साडेदहापर्यंत चालू असतो. शेजारच्या आजी म्हणतात की हे झाड आयुष्यात एकदाच लाल होते. हे खरे आहे काय? शिवाय यंदा आणखी दोन कुंड्या घ्यायच्या आहेत, तेव्हा निवडताना काय पाहावे तेही सांगावे. घरी दोन शेळ्या आहेत आणि हे झाड विषारी असते असे कानावर आल्यामुळे थोडी धास्ती वाटते.

उत्तर १ : निवृत्त रोपवाटिका कर्मचारी, मोर्शी

ताई, आपल्या मुलाने कागद पळवला म्हणून ते झाड वाचले. त्या चकचकीत कागदातून पाणी बाहेर पडत नाही. कुंडीच्या भोकातून आलेले पाणी तळाशी साचते, मुळे त्यात बुडून राहतात आणि कुजतात. गंमत अशी, की मुळे कुजलेले झाड तहानलेल्या झाडासारखेच मान टाकते, त्यामुळे माणूस घाबरून आणखी पाणी घालतो. यंदा कागद ठेवायचाच असेल, तर त्याच्या बुडाला कात्रीने चार भोके पाडावीत. पाणी रोजच्या हिशेबाने न घालता, बोटाचे एक पेर मातीत खुपसून पाहावे आणि माती तेवढ्या खोलीपर्यंत कोरडी लागली तरच घालावे.

आजींचे म्हणणे मात्र खरे नाही. झाड दरवर्षी लाल होऊ शकते, पण त्यासाठी त्याला रात्र लागते. आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगलेली पानेच असतात. खरी फुले म्हणजे त्यांच्या मधोमध असलेले पिवळसर दाणे. रात्र मोठी होऊ लागली की झाड फुलावर येते आणि वरची पाने रंग धरतात. पुस्तकांमध्ये सलग १४ तासांचा अंधार आठ ते दहा आठवडे द्यावा असे लिहिलेले असते आणि त्यासाठी खोके झाकण्याचा सल्ला दिलेला असतो. आपल्याकडे इतका खटाटोप करण्याची सहसा गरज नसते, कारण ऑक्टोबरच्या आरंभी आपली रात्र १२ तासांची होते आणि डिसेंबरात ती १३ तासांपर्यंत जाते. उघड्या अंगणात लावलेली जुनी झाडे काहीही न करता हिवाळ्यात लाल होतात, ती याच कारणाने. आपले झाड अडले आहे ते ओसरीच्या दिव्यामुळे. साडेदहापर्यंत दिवा चालू म्हणजे झाडाच्या लेखी साडेदहापर्यंत दिवसच.

तेव्हा आजच कुंडी सांदवाडीत न्यावी, जेथे रात्री कोणताही दिवा पोहोचत नाही, पण दिवसा निदान पाच तास ऊन मिळते. दिवसाचे ऊन कमी पडले तर रंग फिका येतो, म्हणून अंधार हवा म्हणून झाड दिवसाही कोठीत कोंडणे ही चूक करू नये. पाने पुरती रंगल्यावर मात्र दिव्याची भीती राहत नाही. मग कुंडी खुशाल प्रार्थनामंदिरात न्यावी. आता फांद्या छाटू नयेत, कारण ज्या शेंड्यांवर रंग यायचा तेच कापले जातील.

नवीन कुंडी निवडताना मी सर्वांत आधी मधले पिवळे दाणे पाहतो. ते घट्ट मिटलेले किंवा नुकते उमलू लागलेले असावेत; ते गळून गेले असतील किंवा त्यांची पिवळी भुकटी पानांवर सांडलेली असेल, तर झाडाची बहार उतरणीला लागली असे समजावे आणि दुकानदाराने भाव कमी केला तरी घेऊ नये. हिरवी पाने थेट मातीपर्यंत असावीत. माती ओली असूनही झाड मलूल दिसत असेल, तर ते मुळांचे दुखणे आहे. प्लास्टिकच्या पिशवीत बरेच दिवस कोंबून ठेवलेली झाडे पाने खाली पाडतात, तीही टाळावीत. आणि झाड मोटारसायकलवरून आणणार असाल तर वर्तमानपत्राचा उंच कोन करून त्यात ठेवावे व दुपारीच निघावे, कारण तापमान १० अंशांच्या खाली गेलेले या झाडाला सोसत नाही आणि डिसेंबरात पहाटेचा वारा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको.

नाताळानंतरचे सांगतो. मार्चमध्ये रंग उतरला की फांद्या वीतभर ठेवून वरून कापाव्यात. हे झाड मूळचे मेक्सिकोच्या पश्चिम भागातील पानझडी जंगलातले, म्हणजे जात आपल्या सागवनासारखीच. त्यामुळे उन्हाळ्यात पाने झडली तर ते मेले असे समजून उपटू नये. मे महिन्यातील ४५ अंशांत त्याला कडुलिंबाखाली किंवा हिरव्या जाळीखाली ठेवावे आणि फक्त सकाळचे ऊन द्यावे. मृग लागला की कुंडी बदलावी. आपली काळी माती नुसती भरली तर ती पावसात चिखल होते आणि उन्हात दगड. म्हणून एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत आणि एक भाग रेती असे मिश्रण घ्यावे. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ते दोन ग्रॅम या प्रमाणात द्यावे. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहिले तर झाड कमरेएवढे उंच आणि विरळ न होता गुडघ्याएवढे आणि भरगच्च होते. दुकानातील कुंड्या बुटक्या दिसतात त्याचे कारण बहुधा वाढ रोखणारे औषध असते; जमिनीत लावले तर हेच झाड माणसापेक्षा उंच जाते.

उत्तर २ : कापूस उत्पादक, वणी

वरील उत्तरात एक गोष्ट राहिली. झाड घेण्याआधी पान उलटून पाहावे. आपल्या पऱ्हाटीवर येते तीच पांढरी माशी पॉइन्सेटियावरही येते आणि तिला हे झाड अत्यंत प्रिय आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा येथे या माशीच्या एका चिवट प्रकाराचा उद्रेक झाला, तो याच झाडाच्या हरितगृहांत. फांदीला हलकी टिचकी मारली आणि पांढरा भुरका उडाला, तर ती कुंडी तेथेच ठेवावी. मी दोन वर्षांपूर्वी न पाहता घेतली आणि महिन्याभरात परसातील वांगी व मिरची चिकट काळी पडली. नवीन कुंडी दहा दिवस वेगळी ठेवावी, शेजारी पिवळा चिकट सापळा टांगावा आणि माशी दिसलीच तर ५ टक्के निंबोळी अर्क पानांच्या खालच्या बाजूने संध्याकाळी फवारावा. रंगलेल्या पानांवर फवारा उडवू नये, डाग पडतात. कपाशीसाठी आणलेले जहाल औषध घरातील कुंडीवर वापरण्याचा मोह तर अजिबात नको.

उत्तर ३ : पशुधन पर्यवेक्षक, अचलपूर

शेळ्यांविषयी. हे झाड शेर आणि थोर यांच्या कुळातले आहे, त्यामुळे तोडले की पांढरा चीक येतो. त्या चिकाने काहींच्या त्वचेला खाज सुटते आणि तो डोळ्यांत गेला तर चांगलीच आग होते, म्हणून छाटणी हातमोजे घालून करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. परंतु हे झाड जीवघेणे आहे ही समजूत निराधार आहे. १९१९ मध्ये हवाई बेटावर एक मूल याचे पान खाऊन दगावले अशी कथा पसरली आणि ती पुढे खोटी ठरली, तरी भीती उरलीच. अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ प्रकरणांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांत एकही मृत्यू नव्हता आणि बहुतेकांना कोणतेही लक्षण जाणवले नव्हते. शेळीने एखादे पान ओरबाडले तर फार तर लाळ गळेल किंवा पोट बिघडेल. तरीही कुंडी तिच्या तोंडाच्या टापूबाहेर ठेवावी, कारण शेळी झाडाचे जे नुकसान करील ते झाड शेळीचे करणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती : शिक्षिका, दारव्हा तालुका (१९ डिसेंबर)

सर्वांचे आभार. कुंडी त्याच दिवशी सांदवाडीत नेली. नोव्हेंबरच्या मध्यावर वरच्या पानांच्या शिरा तांबूस झाल्या आणि आता भिंतीकडची बाजू कुंकवासारखी लाल आहे. दुसरी बाजू मात्र हिरवीच राहिली. काल रात्री मुद्दाम जाऊन पाहिले, तर कुडाच्या फटीतून रस्त्यावरील खांबाच्या दिव्याची एक पट्टी नेमकी त्याच बाजूवर पडत होती. दिवसा तेथे उभे राहून मला ती फट कधी दिसलीच नव्हती. आता सहा दिवसांत काही करता येईल काय?

उत्तर : निवृत्त रोपवाटिका कर्मचारी, मोर्शी

ताई, सहा दिवसांत ती बाजू रंगणार नाही. तिला आजपासून अंधार मिळाला तरी नाताळ निघून जाईल. फटीवर पोत्याचा तुकडा ठोकून ठेवा, तो पुढच्या वर्षी कामी येईल. नाताळात कुंडीची हिरवी बाजू भिंतीकडे करा आणि लाल बाजू मंडळींकडे.