लेकराच्या वाढदिवसाची पत्रिका घरीच केलीय का? अनुभव लिहा

पोरीचा वाढदिवस जवळ आलाय आणि तिला 'पक्षी' थीम हवीय. मोबाइलवर तयार पत्रिका ढीगभर मिळतात, पण लेकराच्या हातची एक रेघ तरी त्यात असावी असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचं काही घेऊन कुणी पत्रिका केल्यात का? कागद कोणता, चिकटवलं कशानं, सगळं लिहा.

लातूर
आमचा लेक मार्गशीर्षातला, येळवशीच्या, म्हणजे शेतात पूजा आणि जेवण असतं त्या वेळ अमावस्येच्या, आसपासचा. थीम त्यानंच ठरवली, शेतातली कोप, म्हणजे त्या पूजेसाठी उभारतात ती कडब्याची खोपी. जाड कार्डशीट मधोमध दुमडून उभी ठेवली की झाली कोप. वरून कडब्याची पाती डकवली. पाती ओली असली तर कागदावर डाग पडतो आणि वाळताना ती गुंडाळून सुटते. म्हणून आधी रद्दीत घालून वर पाटा ठेवायचा, चांगली वाळली की मग फेव्हिकॉल. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, म्हणजे पूजेतले पाच दगड, काढले आणि खाली त्याच्या अक्षरात, "भज्जी आन् आंबील हाय, नक्की या." ते 'आन्' आणि 'हाय' मी कुणाला सुधारू दिलं नाही. पुण्याच्या आत्यानं पत्रिका अजून देवघराशेजारी लावून ठेवलीय.

परभणी
जुन्या लग्नपत्रिका टाकू नका. मागची कोरी बाजू चांगली जाड असते. गणपती छापलेला भाग तेवढा आधी कापून नीट बाजूला ठेवते. आणि लग्नपत्रिकेत लेकरांच्या नावानं असतं ना, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!", तशीच ओळ मुलीनं स्वतःसाठी लिहिली.

छत्रपती संभाजीनगर
नातवाला किल्ल्याचं वेड, म्हणून देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला. ए-फोर कागदाची 297 मिलिमीटरची बाजू आडवी धरा, दोन्ही कडा मध्यापर्यंत आणा. साधारण 74 मिलिमीटरची दोन दारं तयार. दारं उघडली की काळ्या घोटीव कागदाची पट्टी, ती अंधारी, म्हणजे किल्ल्यातली काळोखी भुयारी वाट. पट्टी उचलल्यावरच वेळ आणि पत्ता दिसतो. अंधारीतून त्याला हात धरून नेलं होतं, ते त्याच्या मनात पक्कं बसलंय. दारावर किल्ल्यावरची मेंढ्याच्या तोंडाची मेंढा तोफ काढताना मी मेंढ्याचं तोंड पुढं काढायला निघालो, तर पठ्ठ्या म्हणाला, "आजोबा, ते मागच्या टोकाला असतं." बरोबर आहे त्याचं.

पैठण
ताई, पक्षी असतील तर रोहित (फ्लेमिंगो) घ्या. हिवाळ्यात आमच्या जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर येतात. अंगाला फिकट गुलाबी क्रेप कागद, पायाला खराट्याची काडी. चोच वाकडी आणि टोकाला काळी हवी, नाहीतर तो बगळा वाटतो. वाढदिवस थंडीतला असेल तर आधी पोरीला सकाळी धरणाच्या काठी नेऊन पक्षी दाखवा, चित्रात फरक पडतो. काडी मात्र कागदाच्या आतच बसवा. बाहेर आली की पाकिटात घालताना मोडते.