मदत हवी आहे: रोजच्या खगोलचित्रातले तारेच पुसले जातात

साताऱ्यातल्या शाळकरी मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी नासाचं १९९५पासून रोज येणारं खगोलचित्र मराठी ओळींसह टाकतो. ते आपल्याकडे सकाळी साडेनऊला (हिवाळ्यात साडेदहाला) येतं, तेव्हा मुलं शाळेत. म्हणून आदल्या दिवशीचं सकाळी सातला पाठवतो. छायाचित्रकाराचे हक्क राखलेली चित्रं वगळतो.

अडचण अशी, की पाठवताना फोटो दाबला जातो, म्हणजे फाइल लहान करताना बारीक तपशील जातात. काल मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाभोवती काळ्याच्या जागी चौकोनी डाग, बारीक तारे गायब! तेच तर दाखवायचे असतात. पाठवताना एचडी (जास्त स्पष्ट) पर्याय निवडूनही थोडाच फरक पडला. डॉक्युमेंट पाठवलं तर मुलं उघडत नाहीत. फोन पालकांचे, डेटा मोजका, म्हणून लिंक नको.

माझ्याकडे फक्त मोबाईल आहे. पाठवण्याआधी चित्र किती पिक्सेलचं करावं, फाइलचा प्रकार जेपीजी ठेवावा की पीएनजी, म्हणजे तारे टिकतील?